मागं डोंगर येतोय

सुजितनं सकाळी काय खाल्लं हे मला त्याच्या बायकोच्याही आधी कळतं. उजाडलं की तो उकडलेल्या अंड्यांचा फोटो टाकतो. बलक बाजूला काढलेला, पांढरं तेवढं ताटलीत. मी तेव्हा जेटीवर बसून रात्रीच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी खात असतो. ती चांगली लागत असते, पण ती अंडी बघितली की तिची चव जाते. त्या अंड्यांत हेवा करण्यासारखं काय आहे, असं मला विचारू नका. बिनबलकाच्या अंड्यावर जळणारा माणूस मी, माझ्याकडून कसल्या उत्तराची अपेक्षा करता?

सुजित माझा शाळेतला सोबती. दिघीच्या खाडीच्या तोंडाशी आमची कोळ्यांची वाडी आहे, तिथंच आम्ही एका बाकावर बसून एकाच मास्तरांचा मार खाल्ला. पुढं तो शिकला आणि न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात लागला. कुठला कंटेनर कुठल्या जहाजात चढला, हे तो एसीत बसून बघतो. उलव्याला त्याचा फ्लॅट आहे, खाली पोहायचा तलाव आहे, पांढरी गाडी आहे. ही माहिती मला त्यानं दिलेली नाही. ती मी अंगठ्यानं स्क्रीन सरकवून सरकवून कष्टानं मिळवली आहे.

आणि मी धनेश, नाखवा. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, ऐकायला भारदस्त वाटतं. बोट लहान, इंजिन बोटीहून म्हातारं, आणि खलाशी एकच, रघूकाका, तो इंजिनाहून म्हातारा.

सुजित जिममध्ये पट्ट्यावर धावतानाचा व्हिडिओ टाकायचा. मी जेटीवर सगळ्यांना दाखवून म्हणायचो, "बघा, इतका धावतोय आणि जाग्यावरच हाय." लोक हसायचे. मग मी घरी जाऊन शर्ट वर करून आरशात पोट बघायचो. तो दुबईला गेला तेव्हा तर मी आठवडाभर हेमांगीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, चहा पातळ झाला म्हणून भांडत होतो. चहा रोजच्यासारखाच होता. पातळ मी झालो होतो. खरं सांगायचं तर त्याचे फोटो बघून झाले की मला आपण कुणीच नाही असं वाटायचं, आणि तसं वाटावं म्हणून की काय, मी ते पुन्हा बघायचो.

"अवो, तुमी त्याला लाइक करता का शिव्या देता?" हेमांगी विचारायची.

"दोन्ही," मी म्हणायचो.

सगळ्यात झोंबायचं ते हे, की सुजितनं माझ्या एकाही फोटोला कधी लाइक दिलं नाही. मीही टाकायचो की! बोटीवरून उगवता सूर्य, वर 'शुभ सकाळ'. त्याला लाइक यायचं हेमांगीचं, तिच्या आईचं आणि इंजिन ऑइल विकणाऱ्या एका माणसाचं. तो सगळ्यांनाच देतो.

आता खडपाबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट त्याची आहे.

समुद्राच्या तळाशी जिथं खडक असतो त्याला आम्ही खडप म्हणतो. असा एक खडप माझ्या आज्यानं शोधला. वरून काही कळत नाही, सगळीकडे सारखंच पाणी. पण खाली कपारींत तांब आणि हेकरू हे मासे घर करून असतात, गळाला लागला तर एकेक हातभर. आज्यानं तो माझ्या बापाला दाखवला. बापाचं नाव शिवदास. दोन्ही गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा बापानं मला बोटीवर नेऊन तो दाखवला, अगदी गेल्याच वर्षी. आधी माझ्या हातानं दर्याला नारळ दिला, मग खुणा सांगितल्या.

समुद्रात जागा लक्षात ठेवायची म्हणजे किनाऱ्यावरच्या खुणा जुळवायच्या. वाडीच्या देवळाचा कळस मागच्या दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत बरोबर बसला पाहिजे. त्याच वेळी डाव्या हाताला टेकाडावरचा एकटा ताड मोबाइलच्या टॉवरला चिकटलेला दिसला पाहिजे. दोन्ही जुळलं की आपण खडपावर. बोट थोडी जरी सरकली, तरी ताड आणि टॉवर सुटे होतात. आज्याच्या वेळी टॉवर नव्हता, तिथं एक सुकलेला आंबा होता. आंबा पडला आणि नेमका तिथंच टॉवर आला. बाबा म्हणाले, "कंपनीवाल्यांना आपली काळजी."

अशी जागा कुणी कुणाला सांगत नाही. बोटीत मासा बघून जेटीवर कुणी विचारलं, "कुठं गावली?" तर उत्तर एकच, "दर्यात." बाबा तर येताना मुद्दाम लांबचा वळसा घालून उलट्या दिशेनं यायचे. मीही कच्चा नाही. जीपीएसमध्ये तो पॉइंट मी 'सासूबाई' या नावानं ठेवला होता, म्हणजे चुकूनसुद्धा तिकडं कुणी जाणार नाही. आणि तिथून थोडंच काढायचं, हा आज्यापासूनचा नियम. "खुराड्यातल्या कोंबड्या कुनी येका दिशी कापतं का?" असं बाबा म्हणायचे. खडप होता म्हणून इतर वेळी जाळं रिकामं आलं तरी आमच्या घरात चूल थंड पडली नाही. ताईचं लग्न त्याच खडपानं लावून दिलं.

झालं असं, की त्या दिवशी सकाळी सुजितनं नवा व्हिडिओ टाकला. गच्चीवरच्या कुठल्याशा हॉटेलात तो मधे उभा, आणि फोन त्याच्याभोवती हळूहळू फिरतोय. मागे दिवे, पाणी, उंच इमारती. खाली लोकांनी लिहिलेलं, 'किंग', 'भावा', 'लाइफ असावी तर अशी'. मी तो बघतच बोट सुरू केली. खडपावर पोचलो तरी डोळ्यांपुढं तेच फिरत होतं.

आणि त्याच दिवशी माझ्या गळाला तांब लागला. काय सांगू! लालभडक, लहान पोराएवढा, उन्हात नुसता पेटल्यासारखा दिसत होता. आजवर मी एवढा काढला नव्हता. बाबांनीही नसेल काढला, असं मी लगेच ठरवून टाकलं. दुसरा कुणी असता तर दर्याला हात जोडले असते. मी खिशात हात घातला आणि फोन काढला.

आधी स्वतःच फोन धरून व्हिडिओ घेतला. बघितलं तर सगळ्या व्हिडिओत मीच. तोंड, तोंडाखाली दुसरी हनुवटी, तिच्याखाली पोट. तांबापेक्षा मीच मोठा दिसत होतो. मग फोन रघूकाकाच्या हातात दिला.

"काका, पुढं टोकाला नाळेवर जा आणि लांबून घे. लांबून माणूस बारीक दिसतो. आणि सगळीकडनं फिरव, गोल."

काकानं फोन धरला. एक डोळा मिटला. मग तो खाली करून म्हणाला, "नाखवा, मागं डोंगर येतोय."

"येऊ दे की. डोंगर चांगला दिसतो."

"देऊल बी येतंय."

"देवाचा आशीर्वाद हाय. घे."

"ताड..."

"काका, तुला व्हिडिओतलं काय कळतंय? घे गपचूप."

काकानं घेतला. मालकानं सांगितलेलं ऐकणारा माणूस तो. बिचारा फोन कसा जपून फिरवत होता! देऊळ, खिंड, मी, तांब, ताड, टॉवर, काही म्हणजे काही सुटलं नाही. सुजितच्या गच्चीवाल्या व्हिडिओतसुद्धा इतकं स्वच्छ आलं नसेल.

परत येताना मी मन लावून व्हिडिओ सजवला. चेहरा गोरा करायची सोय असते, ती केली. गाणं लावलं. वर लिहिलं, 'दर्याचा राजा'. जागा कळू नये म्हणून गावाचं नाव टाकलं नाही, आणि आपल्या या हुशारीचं मला कौतुकही वाटलं. शिवाय नेहमीसारखा लांबचा वळसा घालून आलो. जेटीवर कुणी विचारलं, "कुठं गावला?" मी म्हणालो, "दर्यात." आणि व्हिडिओ टाकून दिला.

संध्याकाळपर्यंत फोन नुसता थरथरत होता. मला आयुष्यात कधी एवढे लाइक आले नव्हते. आणि कुणाचे? पलीकडच्या आगरदांड्यापासून खाली पार श्रीवर्धनपर्यंतचे नाखवा आणि बोटी हाकणारे तांडेल, ज्यांनी मला कधी हिंग लावूनही विचारलं नव्हतं, ते अंगठे दाखवत होते. एकानं लिहिलं, 'भाऊ, परत एकदा दाखव.' एकानं लिहिलं, 'शेवटचं जरा हळू फिरवायला पाहिजे होतं.' मला वाटलं, कलेतलं कळतंय लोकांना. मी पोट आत घेऊन जेटीवर दोन फेऱ्या मारल्या.

मग सुजितचा मेसेज आला. लाइक नव्हे, मेसेज. 'धन्या, व्हिडिओ काढून टाक.' पाठोपाठ दुसरा, 'लगेच काढ.' मग एक बोललेला मेसेज. मग त्याचा फोन. मी उचलला नाही.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जळला! इतकी वर्षं मी जळत होतो, आज त्याची पाळी. मी हेमांगीला दाखवलं.

"बघ. दुबईवाल्याला तांब सहन झाला न्हाय."

"अवो, पन काय बोललाय ते ऐका तरी."

"सकाळी ऐकीन. गोड शेवटी खावं."

आणि त्याला उत्तर म्हणून मी लिहिलं, 'अंडी खा, बरं वाटेल.' त्या रात्री मी लहान मुलासारखा गाढ झोपलो. बायकोच्या हातचा चहाही सकाळी घट्ट लागला.

खडपाकडे निघालो तर लांबून पाण्यावर ठिपके दिसले. म्हटलं, जात असतील कुठं. जवळ गेलो तसे ठिपके वाढले आणि त्यांच्या बोटी झाल्या. ताड टॉवरला चिकटला, कळस खिंडीत बसला, आणि तिथं बोटींची जत्रा भरली होती. काल ज्यांनी ज्यांनी अंगठे दिले होते ते आज स्वतः आले होते. कुणी गळ सोडले होते, कुणी जाळी टाकली होती, दोघांची जाळी एकमेकांत अडकून आईबहिणीचा उद्धार चालला होता. आम्हाला नांगर टाकायला जागा नव्हती. आमच्या खडपावर, आम्हाला!

एका बोटीवरून भावेश तांडेल हात हलवून ओरडला, "नाखवा, रील एक नंबर!"

त्यात टोमणा नव्हता. त्याला ती खरंच आवडली होती. त्याच्या पायाशी तांबांचा ढीग होता, लहान पिल्लंसुद्धा.

रघूकाकानं इंजिन बंद केलं. टॉवर समोरच असल्यामुळं तिथं फोनला रेंज फार चांगली येते. मी सुजितचा मेसेज लावला.

"धन्या, अरे येड्या, ताड टॉवरला चिकटलाय तुझ्या मागं. कळस खिंडीत बसलाय. ज्याला डोळे हायत त्याला कळणार. शिवदासकाकांनी मला सातवीच्या सुट्टीत दाखवला होता तो खडप, तुझ्या आधी. मी बायकोला पण नाय सांगितला. काढ तो व्हिडिओ, पाया पडतो तुझ्या. फोन उचल."

मी तो दोनदा ऐकला. मग व्हिडिओ काढून टाकला. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात ते हेच. हात दाखवून अवलक्षण असंही म्हणतात, पण मी तर हात, पाय, कळस आणि ताडही दाखवला होता. लाज वाटली. मी बोटीच्या कडेला तोंड करून थोडा रडलो. रघूकाका इंजिनात काहीतरी बघत राहिला.

जेटीवर बाबा बसले होते. वाडीत बातमी पोचायला टॉवर लागत नाही. मला वाटलं ते शिव्या घालतील. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"दाखव."

मी पोस्ट काढली होती, पण फोनमध्ये व्हिडिओ होता. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून बघितला. पुन्हा लावायला सांगितला. कळस खिंडीत आला तिथं त्यांचा अंगठा काचेवर जरा टेकला. मग म्हणाले, "इतक्या लांबनं का घेतलास?"

"पोट दिसत होतं," मी म्हणालो. बापाशी खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग व्हिडिओकडे.

"दिसू द्यायचं व्हतंस की. ह्या पोटामागं आख्खा डोंगर लपला असता. आज्याचा खडप वाचला असता."

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. मग मी विचारलं, "सुजितला तुम्ही दाखवला होता?"

"व्हय. त्याचा बा गेला त्या साली. सुट्टीभर पोर बोटीवर यायचं. उलट्या करून हैराण व्हायचं, पन खुना बरोबर सांगायचं. म्हनलं, बाप न्हाय, उद्या येळ आली तर पोटापुरतं हाताशी आसावं. नारळ दिला आनि दाखवला."

"मला हे का नाही सांगितलंत?"

"त्यानं तुला सांगितलं का?" बाबा म्हणाले.

हे मात्र मला फार लागलं. स्वतःच्या अंड्याचा बलकसुद्धा जगापासून न लपवणारा माणूस, ज्याला मी दिखाऊ म्हणून वाडीभर हसत होतो, त्यानं ही एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली होती. आणि मला ती एक वर्ष ठेवता आली नाही. पोट माझं मोठं असून.

मी सुजितला फोन केला. माफी मागितली. मनात एक आशा होती, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता तो म्हणेल, धन्या, खरं जगणं तुझंच रे, मी रोज तुझा सूर्य बघतो आणि माझा जीव तुटतो. लोक असं म्हणतात, फोनवरच्या शहाण्या व्हिडिओंत तर नेहमीच म्हणतात.

"तुला कधी वाडीची, बोटीची आठवण येते का रे?" मी त्याला जरा वाटही करून दिली.

"बोटीची? नाय बाबा. मला उलट्या व्हायच्या. इथं मस्त चाललंय माझं," तो म्हणाला.

"मग माझ्या फोटोंना लाइक का देत नव्हतास?"

"कुठल्या फोटोंना? अरे, ते सूर्याचे? मला वाटायचं तू कुणाचे तरी पुढं ढकलतोस."

असं. तो माझ्यावर जळत नव्हता, माझी बरोबरीही करत नव्हता. मी त्याच्याशी जी शर्यत लावली होती तिच्यात धावणारा मी एकटाच होतो, आणि तरी हरत होतो.

महिना संपायच्या आत खडप रिकामा झाला. बोटी जशा आल्या तशा गेल्या. आम्ही पुन्हा गळ सोडले तर दिवसभरात एक बोटभर हेकरू आला, तो रघूकाकानं परत पाण्यात सोडला. घरात आता कुणी खडपाचं नाव काढत नव्हतं. एके दिवशी जेवताना बाबाच म्हणाले, "आजून एक हाय."

मी घास खाली ठेवला. "काय?"

"खडप. ह्याच्याहून लहान, पन हाय. माज्या बाला बी ठाऊक नव्हता, माजा मीच काढला."

माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "बाबा, उद्याच जाऊ. नारळ आणतो."

"तुला न्हाय सांगनार," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता, मीठ मागितल्यासारखा. "सुजितला सांगून ठेवतो. तुला खरीच नड पडली की त्याला इचार. त्याला पटलं तर नेईल."

हेमांगी उठून चुलीकडे गेली. तिला हसू येत होतं की रडू, ते मला कळलं नाही.

रविवारी पांढरी गाडी फेरीबोटीतून उतरून वाडीत आली. फोटोत दिसते त्यापेक्षा लहान होती, हे मी बघून घेतलं. स्वभाव असा एका महिन्यात जात नाही. बाबा आणि सुजित जेटीच्या टोकाला जाऊन बसले. मला इकडेच थांबायला सांगितलं होतं. मागून दिसत होतं, बाबांचा हात एकदा उजवीकडे गेला, एकदा वर टेकडीकडे, मग खाली आला. सुजित मान हलवत होता. मी डोळे बारीक करून बघितलं, पण इतक्या लांबून काही कळेना. लांबून सगळंच बारीक दिसतं. मग सुजित उठला, महागाच्या बुटांसकट पायऱ्या उतरला आणि त्यानं दर्याला नारळ दिला.

दुपारी तो आमच्याकडे जेवला. तांब होता. नाखवाच्या घरात पाहुण्यासाठी मासा विकत आणला, भावेश तांडेलकडून. त्यानं बर्फात ठेवलेला होता, आमच्याच खडपावरचा. सुजितनं बोटं चाटून खाल्ला आणि वर अंडं आहे का, असं मला विचारलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. पाठीवर थाप मारून तो गेला.

संध्याकाळी त्यानं फोटो टाकला. ताट, तळलेला तांब, सोलकढी, कडेला माझ्या पोटाचा थोडा भाग. वर लिहिलेलं, 'गावचं जेवण'. मी तो बोटांनी ताणून मोठा केला आणि कोपरा न् कोपरा बघितला. मागे घराची भिंत होती, दुसरं काहीही नव्हतं. मग मी लाइक दिलं, आणि या वेळी शिवी दिली नाही.